गाडी शहरात, कागद आईच्या नावावर: विमा स्वस्तात कसा घ्यावा

पिकाचा विमा, जनावरांचा विमा हे विषय आपल्याला नवे नाहीत. गाडीच्या विम्याचं नाव निघालं की मात्र बायका म्हणतात, ते घरातले पुरुष बघतात. पण हल्ली गटांच्या बैठकांमध्ये एक गोष्ट आमच्या कानावर वरचेवर येते. मुलगा पुण्याला किंवा मुंबईला नोकरीला आहे, गाडी तोच चालवतो, आणि आरसी बुकावर नाव आईचं आहे. कुणाच्या घरी कर्ज आईच्या नावावर मिळालं म्हणून, कुणाच्या घरी बाईच्या नावावर व्याज थोडं कमी बसतं म्हणून, तर कुणाच्या घरी मालक गेले आणि गाडी वारसाने आली म्हणून. मग विम्याची तारीख जवळ आली की मुलाचा फोन येतो, "आई, शहरात विमा लई महाग सांगतायत, काय करू?" या प्रश्नाचं उत्तर आईला देता यावं, म्हणून आजचं हे बोलणं.

आधी एक घोळ दूर करू. कर्जाच्या पैशालाही आपण हप्ता म्हणतो आणि विम्याच्या पैशालाही हप्ताच म्हणतो. कर्जाचा हप्ता चुकला तर बँकेचा माणूस दारात उभा राहतो. विम्याचा चुकला तर कुणी फिरकत नाही, आणि म्हणूनच तो सहज चुकतो.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला लागलं, कुणाचा जीव गेला, कुणाची वस्तू मोडली, तर त्याची भरपाई या भागातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली, तर तो कामाला येतो. हा सक्तीचा नाही. दोन्ही भाग एकत्र घेतले की त्याला लोक फुल इन्शुरन्स म्हणतात.

स्वस्ताईचा विचार इथूनच सुरू होतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला ७,८९७ रुपये. दीडशे सीसीपर्यंतच्या नेहमीच्या मोटारसायकलीला ७१४ रुपये. वर जीएसटी वेगळा. कंपनी कुठलीही असो, गाडी पुण्यात फिरो की माणमध्ये, हा आकडा तोच राहतो. त्यामुळे एखादा एजंट "थर्ड पार्टी तुम्हाला निम्म्यात करून देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. निम्म्या पैशात मिळतो तो कागद बहुतेक खोटा असतो.

हा भाग फक्त पोलिसांना दाखवण्यापुरता आहे असं अनेकींना वाटतं. तसं नाही. अपघातात कुणी दगावलं किंवा कायमचं अपंग झालं, तर घरचे लोक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. मेलेल्या माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं हे सगळं बघून भरपाई ठरते, आणि ती लाखांत जाते. थर्ड पार्टी विमा चालू असेल तर जीव आणि इजा यांच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, कंपनीला भरावी लागते. विमा नसेल तर? मग ती रक्कम चालवणाऱ्याबरोबर गाडीच्या मालकावर येते, आणि मालक म्हणजे आरसी बुकावर जिचं नाव ती. न्यायाधिकरणाने जिल्हाधिकाऱ्यांना दाखला दिला की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मैत्रिणींनो, सातबारावर जिचं नाव आहे तिनं हे वाक्य दोनदा ऐकावं. गाडी शहरातल्या सिग्नलवर ठोकली जाते आणि तिची झळ गावातल्या जमिनीपर्यंत येऊ शकते.

आता दुसरा भाग, आपल्या गाडीच्या नुकसानीचा. इथे दर कंपनीगणिक बदलतो. घासाघीस करायची ती इथेच.

हा हप्ता गाडीच्या ठरवलेल्या किमतीवर बसतो. कागदावर तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी जास्तीत जास्त एवढेच पैसे देते. गाडी जुनी होईल तशी ही किंमत उतरते: दुसऱ्या वर्षात वीस टक्के, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस, पाचव्यात पन्नास. एजंट हप्ता कमी दाखवायला कधीकधी हीच किंमत खाली ओढतो. तीन लाखांची गाडी दोन लाखांची लिहिली की हप्ता कमी होतो, पण गाडी चोरीला गेली की लाखाचा खड्डा पडतो. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना आधी आयडीव्ही सारखी आहे का ते बघा. ती सारखी नसेल तर ती तुलनाच खोटी.

शहरात विमा महाग, हे किती खरं? जुन्या दरपत्रकात मोटारींसाठी देशाचे दोन विभाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं 'अ' विभागात, बाकी सगळा देश 'ब' विभागात. गाडीचं पासिंग कुठलं आहे त्यावरून विभाग ठरतो. पाच वर्षांच्या आतल्या लहान मोटारीला 'अ' विभागात किमतीच्या ३.१२७ टक्के आणि 'ब' विभागात ३.०३९ टक्के असा दर आहे. तीन लाखांच्या गाडीला हे अनुक्रमे ९,३८१ आणि ९,११७ रुपये होतात. म्हणजे फरक २६४ रुपयांचा. त्यावर कंपन्या आपापली सूट देतात, आणि तो सुटीतला फरक हजारांत असतो. तेव्हा २६४ रुपयांसाठी मुलाची गाडी गावच्या पत्त्यावर दाखवायची खटपट कुणी करू नये. तेवढा वेळ तीन-चार कंपन्यांचे दर काढण्यात घालवावा.

शहरात खरा खर्च होतो तो खरचटण्यावर. गल्लीत लावलेली गाडी, रिक्षाचा धक्का, मोटारसायकलीचं हँडल. आणि इथेच नो क्लेम बोनस समजून घ्यायला हवा. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी आपल्या गाडीच्या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. समजा या भागाचा हप्ता ६,००० रुपये आहे आणि तुमची सूट ३५ टक्क्यांवर आली आहे, म्हणजे २,१०० रुपये वाचतायत. गाडीला २,५०० रुपयांचं खरचटलं. लहान मोटारीच्या क्लेममध्ये पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरायचे असतात. म्हणजे कंपनीकडून फार तर १,५०० येणार, आणि पुढच्या वर्षी जी ४५ टक्के, म्हणजे २,७०० रुपयांची सूट मिळाली असती ती जाणार. शिवाय पायरी पुन्हा पहिल्यापासून चढायची. मुलाला सांगा, असलं काम खिशातून कर, क्लेम मोठ्या नुकसानीसाठी राखून ठेव.

ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकून नवी घेतली तरी ती नव्या गाडीला लावता येते. शोरूमवाले हे आपणहून सांगतीलच असं नाही. पण विमा संपल्यावर नव्वद दिवसांत नवा घेतला नाही तर सगळी सूट बुडते.

आता वरच्या जोडण्या. एजंट चार-पाच नावं धडाधडा सांगतो. त्यातली शहरातल्या नव्या गाडीसाठी आम्हाला पटते ती एकच, झिरो डेप. साध्या विम्यात प्लॅस्टिकच्या आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि शहरात सगळ्यात आधी ठोकला जातो तो बंपर प्लॅस्टिकचा. बाकीच्या जोडण्या मुलाला गरज वाटली तरच. मुलगा आठवडाभर लोकलने किंवा कंपनीच्या बसने जात असेल आणि गाडी रविवारीच निघत असेल, तर किलोमीटरवर हप्ता बसणारा विमाही आता मिळतो, त्याची चौकशी करावी. गाडी दहा-बारा वर्षांची झाली असेल, किंमत लाखाच्या आत आली असेल आणि कर्ज फिटलं असेल, तर नुसत्या थर्ड पार्टीवर भागतं असं आमचं मत आहे. नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग दरवर्षी वेगळ्या कंपनीकडे नेता येतो. शोरूममध्येच घेतला पाहिजे असं काही नाही.

आता आईच्या नावाची गोष्ट. विम्याच्या कागदावर एक ओळ असते, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. तो मालकासाठी असतो, आणि मालकाकडे लायसन असलं पाहिजे. आईकडे लायसन नसेल तर हे पैसे तिच्याकडून घ्यायलाच नकोत. घेतले असतील तर विचारा. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाडी मुलगा चालवतो आणि हे १५ लाखांचं संरक्षण त्याला लागू नाही. थर्ड पार्टी दुसऱ्यांसाठी आहे, त्याच्यासाठी नाही. तेव्हा मुलाचं नाव घालून वेगळा अपघात विमा जोडून घ्या. आणि घरातल्या प्रत्येकाचा बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे ना, ते पासबुक भरून बघा. वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, वय १८ ते ७०.

मालक गेले आणि गाडी तुमच्याकडे आली, तर त्यांच्या नावचा विमा जास्तीत जास्त तीन महिने चालतो, त्याआधी मुदत संपली तर तिथपर्यंतच. दिवसकार्याच्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही, पण तेवढ्यात आरसी आणि विमा दोन्ही आपल्या नावावर करून घ्यावं लागतं. त्यांची नो क्लेम सूटही बायकोला किंवा मुलांना मिळते. तसंच गाडी विकल्यावर आरसीवरचं नाव बदललं की नाही हे स्वतः बघा. कागदावर नाव राहिलं तर नव्या माणसाने केलेल्या अपघाताची नोटीस जुन्या मालकिणीला येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं, की ज्याचं नाव नोंदलेलं तो मालक.

आणखी एक स्वस्ताई अंगाशी येते. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी विम्यावर भाड्याने चालवायची. टॅक्सीचा थर्ड पार्टी हप्ता लहान गाडीलाही ६,००० च्या पुढे आहे आणि प्रत्येक प्रवाशामागे वेगळे पैसे, म्हणून मुलांना हा मोह होतो. पण भाड्याचा प्रवासी गाडीत असताना ठोकली तर कंपनी आपल्या गाडीचा क्लेम नाकारते. दारू पिऊन किंवा लायसन नसताना चालवली तरी तेच. दुसऱ्याला दिलेली भरपाईसुद्धा कंपनी नंतर मालकाकडून वसूल करू शकते.

विमा घेतल्यावर कागद खरा आहे का ते एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. तिथे विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं, आणि आईसुद्धा हे गावात बसून बघू शकते. अपघात झाला तर कंपनीला लगेच कळवावं, कुणाला लागलं असेल तर पोलिसांत नोंद करावी, आणि कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत गाडी दुरुस्तीला घालू नये. रस्त्यावर "दोन हजार घे आणि मिटव" असं लिहून देणं तर नकोच.

कंपनीने क्लेम अडवला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. विमा नियामकाचा तक्रारीसाठी फोन नंबर १५५२५५ आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही. अर्ज जिच्या नावावर विमा आहे तिनं करायचा असतो, म्हणजे सही आईचीच लागेल.