विनाअट रोख साहाय्य : परिणाम आणि काळ

कशावर खर्च करावा याची अट न घालता गरीब कुटुंबाच्या हाती दिलेल्या रकमेस विनाअट रोख साहाय्य म्हणतात. ‘असा पैसा दारूतच जातो’ हे मत तुमच्याही कानावर आले असेल. पश्चिम केनियातील रारिएडा भागात ते तपासून पाहता आले.

तेथे 2011 ते 2013 या काळात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने गवती छप्पर ही गरिबीची खूण मानली आणि अशा कुटुंबांतून यादृच्छिक निवड करून ‘एम-पेसा’ या मोबाइल सेवेमार्फत पैसे पाठवले. योहानेस हाउसहोफर व जेरेमी शापिरो यांच्या अभ्यासात दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. अन्नावरील खर्च वाढला, गुरेढोरे वाढली, मनावरचा ताणही हलका झाला. अनेकांनी छपरावर पत्रे घातले. ही चैन वाटेल. पण गवती छप्पर पुनःपुन्हा शाकारावे लागते आणि तो खर्च पत्र्यामुळे वाचतो. दरमहा हप्ता मिळालेल्यांची अन्नाची चिंता अधिक मिटली, तर एकरकमी पैसे मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू अधिक घेतल्या.

हे परिणाम साहाय्यानंतर लवकरच मोजलेले होते. तीन वर्षांनी दूरच्या गावांतील साहाय्य न मिळालेल्या कुटुंबांशी तुलना केली, तेव्हा लाभार्थ्यांची मालमत्ता सुमारे 40 टक्के अधिक भरली. इतर बाबतींत मात्र ठळक फरक उरला नव्हता. त्याच गावातील शेजाऱ्यांशी तुलना केल्यास फरक मोठा दिसतो. तेव्हा तुलना कोणाशी केली, हे आधी विचारावे.

याहून दीर्घ काळाचे उदाहरण उत्तर युगांडातील आहे. तेथील सरकारने 2008 मध्ये तरुणांच्या गटांना व्यवसायासाठी अनुदान दिले. त्यासाठी आराखडा सादर करावा लागे, त्यामुळे ते काटेकोर अर्थाने विनाअट नव्हे. पण पैसे दिल्यावर खर्चावर देखरेख नव्हती. चार वर्षांनी अनुदानधारकांची कमाई इतरांपेक्षा 38 टक्के अधिक होती. नऊ वर्षांनी इतरांनीही त्यांना गाठले. यावरून योजना फसली असे म्हणणे घाईचे ठरेल. इतर मागे होते त्या वर्षांत अनुदानधारकांच्या घरी अधिक पैसा येत होता, आणि त्यांची टिकाऊ मालमत्ता नऊ वर्षांनंतरही अधिक होती.