मंगनीची हिऱ्याची अंगठी : पारख कशी करावी?

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या कापडबाजारात गर्दी होते आणि तीच गिऱ्हाइके पुढे सराफाच्या पेढीवर जातात. शरारा किंवा शालू घेताना ही माणसे कापड चोटीत धरून चोळतात, दाराशी उजेडात नेऊन रंग बघतात, धुतल्यावर आटेल का म्हणून दहा वेळा विचारतात. दोन-तीन हजारांच्या कापडावर अर्धा तास घालवतात. पन्नास हजारांची हिऱ्याची अंगठी मात्र चहा संपेपर्यंत पसंत होते, कारण तेथे काय विचारायचे तेच ठाऊक नसते. मी तीस वर्षे कापडाचा धंदा करतो. सुताचा धागा जाळून त्यात पॉलिएस्टर आहे की नाही हे सांगतो. तरी हिऱ्याच्या बाबतीत मीही फसलो, म्हणून हा लेख.

2008 साली धाकट्या भावाची मंगनी होती. वालिद हयात नव्हते, त्यामुळे व्यवहार माझ्याकडे होता. मुंबईतल्या एका ओळखीच्या पेढीवरून 42 हजारांची अंगठी घेतली. ‘अर्ध्या कॅरटचा हिरा आहे, डोळे मिटून न्या’ असे सांगण्यात आले आणि आम्ही खरोखरच डोळे मिटून नेली. बिलावर लिहिले होते, ‘डायमंड रिंग, एक नग’. बस्स. मी स्वतः गिऱ्हाइकाला बिल देताना पन्ना, मीटर, दर सगळे लिहितो, पण त्या दिवशी ते बिल घडी करून खिशात टाकले.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले, उधारी अडकली. भावजयीने आपण होऊन अंगठी पुढे केली. म्हणाली, “भाईजान, ही विका, कारीगरांचा पगार तरी निघेल.” तीन ठिकाणी दाखवली. हिरा खरा होता, पण 38 सेंटचा. रंग पिवळसर, आत काळा डाग. जास्तीत जास्त 19 हजार मिळत होते आणि त्यात 11 हजार नुसत्या सोन्याचे होते. म्हणजे ज्या हिऱ्यासाठी एवढी रक्कम मोजली त्याचे आठ हजार. मूळ पेढीने ‘कागद कुठे आहे?’ असा उलट सवाल केला. अंगठी परत भावजयीच्या हाती दिली. पगारासाठी दुसरीकडून कर्ज काढले.

त्यानंतर मालासाठी सुरतेला गेलो की रिंग रोडवरचे काम आटोपून महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात एक फेरी मारू लागलो. तेथे दलाल रस्त्यावरच कागदाच्या पुड्या उघडून, डोळ्याला भिंग लावून सौदे करतात. त्या लोकांकडून जे शिकलो ते येथे देत आहे.

पहिली गोष्ट वजनाची. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम आणि एका कॅरटचे 100 सेंट. सोन्याचा कॅरट वेगळा, तो शुद्धतेचा. दुकानात दोन्ही शब्द एका दमात बोलले जातात आणि गिऱ्हाईक गोंधळते. हिऱ्याचा दर वजनाबरोबर सरळ चढत नाही. 50 सेंट आणि एक कॅरट या पायऱ्यांवर तो एकदम उडी घेतो. त्यामुळे 47-48 सेंटचा खडा घेतला तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण खिशाला कळतो. याहून मोठी फसगत ‘एकूण एक कॅरट’ या शब्दांत असते. बारीक बारीक खडे मिळून एक कॅरट भरला तर त्याची किंमत एका कॅरटच्या एकाच खड्याच्या जवळपासही जात नाही.

लोक वजन विचारतात, पण घाट विचारत नाहीत. माझ्या मते घाट पहिला. गोल हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात आणि ते योग्य कोनात पडले तरच आत गेलेला उजेड वरून बाहेर येतो. वजन हातचे जाऊ नये म्हणून कधी खड्याचा तळ खोल ठेवला जातो, कड जाड ठेवली जाते. आपल्याकडे हलक्या कापडाला खळ देऊन वजनदार करतात, त्यातलाच प्रकार. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे मापाची पट्टी. चांगल्या घाटाचा एक कॅरटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, अर्ध्या कॅरटचा पाच मिलिमीटरच्या थोडा वर. माप त्याहून बरेच कमी भरले तर वजन तळात लपले आहे असे समजावे.

रंगाची प्रतवारी इंग्रजी डी अक्षरापासून झेडपर्यंत चालते. डी म्हणजे अगदी पांढरा. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डी-ई-एफसाठी पैसे ओतू नयेत. सोन्याच्या पिवळेपणात आय किंवा जे रंगाचा खडासुद्धा पांढरा वाटतो. आतल्या डागांचेही तसेच. व्हीएस दर्जाचे डाग दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाशिवाय सहसा दिसत नाहीत आणि मंगनीत पाहुणे भिंग घेऊन येत नाहीत. मात्र पेढीतले दिवे फसवे असतात. आपण कापड जसे दाराशी नेतो तसा हिराही दाराशी न्यावा.

आता कागद. जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असलेला खडाच घ्यावा. प्रमाणपत्राचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर घालून मोबाईलवर तेथेच ताडून पाहता येतो. पुष्कळ खड्यांच्या कडेवर तोच नंबर लेझरने कोरलेला असतो, तो भिंगातून दाखवायला सांगावे. शक्य असेल तर कोंदणात बसवण्यापूर्वी सुटा खडा पाहावा. बसवलेल्या खड्याची पुरी तपासणी प्रयोगशाळेलाही करता येत नाही.

अंगठीचे सोने बहुधा 18 कॅरटचे असते, त्यावर 750 चा आकडा येतो. 22 कॅरटचे सोने मऊ, त्यात खडा धरणारी नखे लवकर वाकतात. हॉलमार्कसोबत सहा अक्षरी एचयूआयडी नंबर 2023 च्या एप्रिलपासून सक्तीचा आहे आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला या सक्तीतून सूट आहे. नाजूक अंगठ्या नेमक्या त्याच्या आत बसतात, तेव्हा विचारून घ्यावे. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन, दोघांचे दर, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी असे वेगवेगळे लिहून घ्यावे. परत घेण्याची अट तोंडी असेल तर ती नाहीच असे धरावे. ती किती टक्क्यांनी आणि कोणत्या दिवसाच्या भावाने, हे बिलावरच हवे.

हल्ली सर्वांत मोठा घोळ प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्याचा आहे. हा ‘अमेरिकन डायमंड’ नव्हे. ती काचेसारखी वेगळीच वस्तू. प्रयोगशाळेतला हिरा कार्बनचाच, तेवढाच कठीण, आणि नुसत्या डोळ्याने किंवा पेढीवरच्या साध्या यंत्राने तो खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. सुरतेत त्याचे मोठे उत्पादन होते. माल जसा वाढला तसा भाव कोसळला. डी बिअर्स कंपनीने 2018 मध्ये ‘लाइटबॉक्स’ नावाने असे हिरे 800 डॉलर कॅरटने आणले आणि 2025 मध्ये ते दुकान बंद करण्याचे जाहीर केले. खाणीतल्या हिऱ्याचे भावही 2022 नंतर उतरले आहेत. म्हणून माझे स्पष्ट मत असे की हिरा हौसेसाठी घ्यावा, बचतीसाठी नाही. मंगनीला हिऱ्याची अंगठी हा रिवाज तरी आपल्या वडीलधाऱ्यांचा कुठे होता? डी बिअर्सनेच 1938 पासून अमेरिकेत जाहिराती करून तो रुजवला आणि फिरत फिरत आपल्या दारात आला. धंद्याच्या भांडवलातून किंवा व्याजाच्या कर्जातून ही हौस करणारे माझ्या पाहण्यात आहेत, त्यांची मला कीव येते.

2025 मध्ये माझ्या मुलाची मंगनी ठरली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. बेगमचे म्हणणे खाणीतलाच हिरा हवा, नाहीतर बिरादरीत नाक कापले जाईल. मुलाचे म्हणणे प्रयोगशाळेतला मोठा घेऊ, कोणाला कळणार आहे? या ‘कोणाला कळणार’वर मी अडलो. कापडात डाग असला तर आपण गिऱ्हाइकाला आधी दाखवतो, मग सोयऱ्याला कमी का? शेवटी मुलीलाच विचारण्यात आले. ती शाळेत शिकवते. तिने निरोप पाठवला की खडा उंच नको, पीठ मळताना आणि ओढणीला अडकतो. चारी बाजूंनी सोन्याची कड असलेले बंद कोंदण चालेल.

प्रयोगशाळेतला 70 सेंटचा खडा घेतला, 18 कॅरटमध्ये, प्रमाणपत्रासह. खाणीतल्या तेवढ्याच हिऱ्याला जे लागले असते त्यातून उरलेल्या रकमेच्या 22 कॅरटच्या साध्या बांगड्या केल्या. मुलासाठी तिकडून चांदीची अंगठी यायची होती, पुरुषाला सोने नकोच. मंगनीच्या चार दिवस आधी मी मुलीच्या वालिदांकडे गेलो, प्रमाणपत्र आणि बिल पुढे ठेवले आणि म्हटले, “हिरा प्रयोगशाळेतला आहे, नंतर कोणाकडून कळू नये म्हणून सांगायला आलो.” त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद नीट वाचले. मग प्रमाणपत्र बाजूला ठेवून विचारले, “भाईसाहब, बांगड्या किती ग्रॅमच्या आहेत?”