विजेरीची शहानिशा

हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात, जेथे शिवलिंगाभोवती गार पाणी साचलेले असते आणि चार स्तंभांपैकी एकच शाबूत उरला आहे, तेथे मावळतीनंतर उतरणाऱ्यास उजेडाची जी गरज भासते, ती माथ्यावर तंबू ठोकून बसलेल्या प्रवाशाच्या गरजेहून मुळातच निराळी असते. आणि मेघालयातील क्रेम लियाट प्राह ही 30 किलोमीटरांहून अधिक लांबीची चुनखडीची गुहा ज्यांना धुंडाळावयाची आहे, त्यांचा तर परतीचा मार्गच विजेरीवर अवलंबून असतो. तळावर विजेरी विझली तर चांदणे आहे. गुहेच्या पोटात डोळा कितीही सरावला तरी काही दिसत नाही. म्हणूनच शे-दोनशे रुपयांची एलईडी विजेरी पारखताना ती किती प्रखर आहे याहून ती कशी विझते, याची चौकशी मी आधी करतो.

वेष्टनावर बहुधा ‘2000 ल्युमेन’ असा मजकूर असतो. त्याची खातरजमा कागदावरच होते. बारीक (AAA) आकाराच्या तीन उत्तम अल्कलाइन सेलांत मिळून सुमारे 4 वॅट-तास ऊर्जा मावते. 1 वॅटला 100 ल्युमेन हे प्रमाण धरले, तर 2000 ल्युमेनचा उजेड 12 मिनिटांत संपावा. शिवाय त्यासाठी लागणारे 20 वॅट पुरविणे या सेलांच्या आवाक्याबाहेरचे आहे. तीच ऊर्जा 40 ल्युमेनने खर्चिली, तर रात्रभर, म्हणजे 10 तास पुरते, आणि वाट पाहून पाऊल टाकण्यास 40 ल्युमेन पुष्कळ झाले.

स्वस्त विजेरीत विद्युत्प्रवाह स्थिर राखणारे मंडल सहसा नसते. सेलाचा दाब उतरेल तसतसा उजेडही उतरत जातो, आणि आपल्या डोळ्याची प्रकाशाची जाण गुणोत्तराने चालत असल्यामुळे निम्मा उजेड गेला तरी तो चटकन ध्यानी येत नाही. प्रचलित अमेरिकी मानकातही जळण्याची मुदत आरंभीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत मोजतात, हे तासांचा आकडा वाचताना विसरू नये. तरीही हे हळूहळू मंदावणे मला गुहेत दोष वाटत नाही. कित्येक महागड्या विजेऱ्या अखेरपर्यंत एकसारख्या जळून एकाएकी मालवतात. ही बिचारी पूर्वसूचना देते.

धुक्यात तिचा आणखी एक उपयोग कळतो. कपाळावरच्या दिव्याचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून उलटून सरळ डोळ्यांत येतो. हातातली विजेरी कमरेपाशी धरली, तर तो त्रास कमी होतो आणि तिरप्या सावल्यांमुळे खडकाचे खाचखळगे उठून दिसतात. मात्र गुहेत दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून शिरस्त्राणावरचा दिवा अनिवार्यच. प्रत्येकाजवळ उजेडाची तीन स्वतंत्र साधने असावीत, हा गुहाशोधकांचा जुना शिरस्ता आहे. त्यांतले तिसरे स्थान या विजेरीस मी निःशंकपणे देईन.

त्याआधी घरची तपासणी मात्र कसून व्हावी. काळोख्या न्हाणीघरात ती छताकडे रोखून ठेवावी, मोबाइलच्या प्रकाशमापकाने तासातासाला नोंद करावी, मग अर्धा तास पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून, पुसून, उघडून आत ओल शिरली काय ते पाहावे. शेवटी डोळे मिटून, ओल्या बोटांनी, तिन्ही सेल काढून उलटसुलट न होऊ देता पुन्हा बसवावेत. जेथे टोके चाचपून ओळखता येत नाहीत, तेथे झाकणाच्या आत नखाला लागेल अशी खूण चाकूने कोरून ठेवावी.