हाडांचं अंतरंग (भाग ६) : साठ हजारांची पुडी आणि खुब्याचं हाड

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणींना दरवर्षी थंडीच्या दिवसांत व्हिटॅमिन डीचा एकच मोठा डोस दिला जात होता, तब्बल पाच लाख युनिटचा. उरलेल्या निम्म्या जणींच्या गोळ्या दिसायला तशाच, पण औषधाविना. वर्षभराची गरज एकदाच भागावी आणि वयस्कर माणसांचा रोज गोळी आठवण्याचा त्रास वाचावा, हा हेतू. घडलं भलतंच. मोठा डोस घेतलेल्या गटात पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडं मोडण्याचं २६ टक्क्यांनी जास्त निघालं. डोस घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तर पडण्याचा धोका सर्वांत जास्त होता.

हाडांसाठी दिलेल्या औषधानं हाडं जास्त मोडावीत, हे चक्रावून टाकणारं आहे. आपल्याकडे घरोघरी साठ हजार युनिटची पुडी दुधात घालून घेतली जाते, तेव्हा हा अभ्यास आपणही नीट वाचायला हवा. त्याआधी, हे जीवनसत्त्व हाडांसाठी नेमकं काय करतं ते पाहू.

मागच्या भागात आपण कॅल्शियमचा हिशेब पाहिला. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या अगदी थोड्या कॅल्शियमवर स्नायूंचं आकुंचन आणि हृदयाचे ठोके चालतात, म्हणून रक्तातली त्याची पातळी शरीर जिवापाड सांभाळतं. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरायला व्हिटॅमिन डी लागतं. ते पुरेसं असेल तर खाल्लेल्यापैकी ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषलं जातं, नसेल तर जेमतेम १० ते १५ टक्के. मग गळ्यातल्या थायरॉइडच्या मागे असलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. म्हणूनच रक्तातल्या कॅल्शियमचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि हाडं मात्र आतून रिकामी होत राहतात.

कमतरता खूप वाढली, वर्षानुवर्षं राहिली, की हाड मऊ पडतं. लहान मुलांत याला मुडदूस म्हणतात, मोठ्यांत ऑस्टिओमलेशिया. सळया बांधून झाल्या, पण काँक्रीट पातळच ओतलं, अशा स्लॅबसारखं ते हाड असतं : प्रथिनांची जाळी तयार, तिच्यात बसायचे क्षार अपुरे. हा आजार ऑस्टिओपोरोसिसपेक्षा वेगळा. ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही, ऑस्टिओमलेशिया दुखतो. कंबर, मांड्या, बरगड्या ठणकतात आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. खाली बसलेल्या बाईला गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, चाल डुलती होते. घरातले म्हणतात, ‘वय झालं.’ अनेकदा ते वय नसतं, आणि उपचारानं काही महिन्यांत ती बाई स्वतःहून उठू लागते. हे वारंवार सांगायला हवं, कारण इथे उपाय खरोखर हातात आहे.

मोडणं दोन्ही बाजूंनी येतं : हाड कमजोर आणि पाय लटपटणारे. मोरीत पाय घसरला की पूर्वी तोल सावरला जायचा, आता सावरत नाही. मनगट, पाठीचा मणका आणि खुबा ही नेहमीची ठिकाणं. त्यात खुबा सगळ्यांत वाईट, कारण शस्त्रक्रिया उत्तम होऊनही कितीतरी वृद्ध पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

मग गोळीनं फ्रॅक्चर टळतात का? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात वृद्धाश्रमांतल्या आणि तशाच निवासांतल्या ३,२७० वयस्कर स्त्रियांपैकी निम्म्या जणींना रोज ८०० युनिट व्हिटॅमिन डी आणि जोडीला १.२ ग्रॅम कॅल्शियम दिलं गेलं. दीड वर्षात त्यांच्यात खुब्याची फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी झाली. याउलट अमेरिकेत ‘व्हायटल’ नावाच्या प्रचंड अभ्यासात २५,८७१ जणांपैकी अर्ध्यांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट दिली. २०२२ मधला निकाल : गोळी घेणाऱ्यांत ७६९ जणांची हाडं मोडली, न घेणाऱ्यांत ७८२ जणांची. म्हणजे फरक नाहीच.

हे दोन्ही निकाल खरे आहेत. फ्रान्समधल्या त्या स्त्रिया फारशा बाहेर न पडणाऱ्या, व्हिटॅमिन डी कमी असलेल्या आणि आहारातून कॅल्शियमही कमी मिळणाऱ्या होत्या. अमेरिकेतल्या बहुतेकांकडे ते आधीच पुरेसं होतं. उणीव असेल तिथे भर घातली तर उपयोग होतो, भरलेल्या भांड्यात ओतून काही मिळत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या घरात बसून असलेल्या, दूध परवडत नसलेल्या आजीची स्थिती फ्रान्समधल्या स्त्रियांच्या जवळची आहे. तिला रोजचा छोटा डोस आणि कॅल्शियम दोन्ही मिळायला हवं. जिममध्ये जाणाऱ्या, सगळं खाणाऱ्या चाळिशीतल्या माणसानं पॅकेजमध्ये तपासणी स्वस्त मिळते म्हणून रक्त देऊन आकड्यामागे धावू नये. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनंही २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको असंच म्हटलं आहे.

आता ती पुडी. कमतरता ठरली की आठवड्याला एक, अशा आठ पुड्या ही आपल्याकडची रूढ पद्धत. मोजक्या काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती ठीक आहे. काळजी वाटते ती त्यानंतरची. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने पुड्या आणणारी माणसं आहेत, आणि ‘आठवड्याला एक’ ऐवजी ‘रोज एक’ घेऊन रुग्णालयात पोचलेलीही. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम चढलं की मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, खूप तहान, भ्रम आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होते. झुरिकमधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सत्तरीपुढच्या, आधी पडलेल्या २०० जणांपैकी काहींना महिन्याला २४ हजार तर काहींना ६० हजार युनिट दिली. वर्षभरात पहिल्या गटातले ४८ टक्के पडले, दुसऱ्यातले ६७ टक्के. वृद्धांना नेहमीसाठी द्यायचं असेल तर रोज थोडं, हेच बरं. भारतात प्रौढांसाठीची शिफारस रोज ६०० युनिटची आहे.

उन्हाबद्दल एक गैरसमज खोल रुजलेला आहे. सकाळचं कोवळं ऊन बाळाला आणि म्हाताऱ्यांना देतात ते डी मिळावं म्हणून. पण त्या वेळी किरण तिरपे येतात आणि लागणारी अतिनील बी किरणं वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हा, म्हणजे साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान, हात-पाय उघडे असतील तर त्वचेत डी तयार होतं. खिडकीच्या काचेतून नाही. सत्तरीतली त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहून कमी डी बनवते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये आजोबांना दुपारी उन्हात बसवा असं मात्र मी कधीच सांगणार नाही, त्यांच्यासाठी गोळीच सुरक्षित. बाळांनाही पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब बालरोगतज्ज्ञ देतात, कारण आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार कमी असतं. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांतून थोडं मिळतं. दुधाच्या पिशवीवर ‘+एफ’ची खूण असेल तर त्यात ते घातलेलं असतं.

फिट्सची औषधं किंवा स्टेरॉइड दीर्घकाळ घेणारे, मूत्रपिंडाचे, यकृताचे रुग्ण, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले आणि सर्वांग झाकून वावरणाऱ्या स्त्रिया यांनी तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.

पन्नाशीनंतर उभ्याउभ्या पडून मनगट मोडलं, तर प्लास्टर काढून प्रकरण मिटवू नका. हाडांच्या घनतेची तपासणी (डेक्सा) करून घ्या, कारण ते पहिलं फ्रॅक्चर पुढच्या खुब्याच्या फ्रॅक्चरची सूचना असू शकतं. ऑस्टिओपोरोसिस निघाला तर निव्वळ व्हिटॅमिन डी पुरत नाही, त्याची वेगळी औषधं आहेत. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड त्यातलंच एक, पण ते देण्याआधी डीची कमतरता भरून काढावी लागते, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जातं. ती औषधं कोणाला, किती वर्षं, आणि डेक्साच्या रिपोर्टवरचा उणे अडीच हा आकडा कसा वाचायचा, ते पुढच्या भागात.