बोल्ट तुटतो, तेव्हाच तो सैल झालेला असतो

सायकलचे हँडल ज्या स्टेममध्ये आवळलेले असते, त्याला पुढून बहुधा चार बोल्ट असतात. जाडी जेमतेम 5 मिलिमीटर. त्यातल्या एखाद्याचे डोके पान्यासकट हातात आले की वाटते, आता स्टेमच गेला. गंमत अशी की, त्या ‘टक्’ आवाजासरशी बोल्टला जखडून ठेवणारे सर्वांत मोठे बळ संपलेले असते!

बोल्ट म्हणजे एक न दिसणारी स्प्रिंग. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहतो; त्या ओढीनेच दोन भाग घट्ट बसतात. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच या ताणात उतरतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्ची पडतो. डोके उडाले की ताण गेला, आणि ताण गेला की आट्यांवरचा दाबही गेला. म्हणूनच आत उरलेला तुकडा कित्येकदा टोकदार सुईने कडेला ढोसत उलटा फिरवला, तरी निमूट वर येतो.

काही तुकडे मात्र हलत नाहीत. तिथे कारभार रसायनशास्त्राचा. बोल्ट पोलादी, स्टेम ॲल्युमिनियमचा, आणि वरून ठिबकणारा खारट घाम: झाली बॅटरी तयार. तीत झिजते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांच्या फटीत ठासून बसते. यावर झिरपणारे तेल आणि थोडी ऊब. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे भोक बोल्टपेक्षा अधिक मोठे होते. (भाग कार्बन फायबरचा असेल तर उष्णतेचा विचारही नको.)

तरीही हटला नाही तर उलट्या धारेचा ड्रिल बिट. तो डावीकडे फिरत कापतो, म्हणजे बोल्ट सुटण्याच्याच दिशेने. भोक पुरे होण्याआधीच तुकडा बिटला चिकटून बाहेर येतो, असेही घडते. त्याआधी पंचने बरोबर मध्यावर खूण करायलाच हवी. नाहीतर बिट कठीण पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियमकडे घसरतो. ‘ईझी-आऊट’ नावाच्या निमुळत्या हत्याराचे नाव मला फसवे वाटते. ते पाचरीसारखे तुकड्याला आतून फुगवते, आणि आतच मोडले तर ते इतके कडक असते की साधा ड्रिल त्यावर चालत नाही.

सर्वांत नवलाची युक्ती मात्र वाण्याकडे मिळते: तुरटी. पितळी पट्टीत मोडलेला पोलादी स्क्रू काढायला घड्याळजी ती वापरत आले आहेत. तुरटीच्या गरम पाण्यात पोलाद हळूहळू विरघळते. ॲल्युमिनियमला त्या मानाने फारच कमी झळ बसते. काम सावकाश चालते, कधी तासन् तास, कधी दिवसही, आणि स्टेनलेस बोल्टपुढे तुरटी हतबल ठरते. पण साधा पोलादी तुकडा एकही आटा न दुखवता नाहीसा होतो.

तुकडा निघाल्यावर नवा बोल्ट ग्रीस लावून, स्टेमवर छापलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याइतकाच आवळा. आणि उरलेले तीनही बदला. एक तुटला तेव्हा त्याच्या वाटणीचा भार त्यांनीच झेलला होता.