काचबिंदूचे थेंब आणि खुपणारा डोळा

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते, यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचे बारीक तंतू उडत असतात. डोळे लाल झाले, खडा गेल्यासारखे खुपू लागले, की दोष उन्हाला नाहीतर धुळीला. पण काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं चालू असतील, तर त्या बाटलीकडेही बघायला हवं.

बुबुळावर अश्रूंचा अगदी पातळ थर असतो. तळाशी चिकट स्राव, मधे पाणी, वर तेलाचा तवंग. तवंगामुळे पाणी उडून जात नाही आणि स्रावामुळे ते बुबुळाला धरून राहतं. बाटली उघडल्यावर आत जंतू वाढू नयेत म्हणून औषधात बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड मिसळलेलं असतं. ते साबणासारखं काम करतं, जंतूंचं आवरण फोडतं. तेच अश्रूंचा तवंगही फोडतं, स्राव तयार करणाऱ्या पेशी कमी करतं, बुबुळाच्या वरच्या पेशींना इजा करतं. आठवडाभराच्या औषधानं सहसा काही बिघडत नाही. काचबिंदूचे थेंब मात्र बहुतेकांना जन्मभर टाकायचे असतात, आणि दोन-तीन बाटल्या असतील तर हा मारा तितका वाढतो.

काही त्रास मूळ औषधाचाच असतो. ब्रिमोनिडीन या थेंबांची अ‍ॅलर्जी कित्येक महिन्यांनीही उठते. लॅटानोप्रोस्ट या दुसऱ्या थेंबांनी लाली येते, पापण्यांचे केस वाढतात.

‘डोळ्यांतून तर पाणी वाहतंय, मग कोरडे कसे?’ हा प्रश्न रास्त आहे. अश्रूंचा थर तुटला की बुबुळ उघडं पडून चुरचुरतं, आणि त्या चुरचुरीनं पाण्याचा लोट येतो. ते पाणी टिकत नाही.

पण त्रास होतो म्हणून थेंब मनानं बंद करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. डोळ्यातला दाब वाढलेला बहुधा कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. त्रास डॉक्टरांना सांगा. ते डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात इजा पाहतात. बेन्झाल्कोनियमसारखं संरक्षक द्रव्य नसलेले थेंब किंवा दोन औषधं एकाच बाटलीत, असे पर्याय आहेत. महाग वाटले तरी विचारावेत. उघड्या कोनाच्या काचबिंदूत लेझरही चालतं: 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत लेझरनं सुरुवात केलेल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर सुजलेल्या डोळ्यात पाणी बाहेर पडण्यासाठी केलेली नवी वाट व्रण धरून बुजण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे ही लाली आधीच आटोक्यात आणलेली बरी.