बीपी चढण्याआधी वार काय सांगते?

पालमसारख्या तालुक्याच्या गावी गरोदर बाईची तपासणी सुरू होते ती दंडाला बीपीचा पट्टा बांधून. विसाव्या आठवड्यानंतर आकडा 140/90 किंवा त्याहून वर गेला आणि चार तासांनी मोजला तरी तसाच राहिला, तर तो गरोदरपणातला उच्च रक्तदाब. सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांत बिघाड दिसला, की प्री-एक्लॅम्पसिया. पुढे झटके आले, तर एक्लॅम्पसिया.

याची सुरुवात मात्र खूप आधी, वारेत होते. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद करतात. चारीचं तोंड मोठं केलं की शिवाराला भरपूर पाणी मिळतं, तसं. काहींच्या बाबतीत हे काम अर्धवट राहतं. मग रक्त कमी पडलेली वार एसएफएलटी-1 हे प्रथिन आईच्या रक्तात जादा सोडते. पीएलजीएफ हे दुसरं प्रथिन रक्तवाहिन्यांचं अस्तर सांभाळतं. एसएफएलटी-1 त्यालाच धरून निकामी करतं. अस्तर बिघडलं की वाहिन्या आकसतात, दाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात. संशोधक अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये एसएफएलटी-1 गाभण उंदरांना दिलं, तेव्हा त्यांच्यातही बीपी वाढलं आणि लघवीत प्रथिनं आली.

आजाराची शंका असेल, तर साधारण 24 ते 37 आठवड्यांदरम्यान या दोन प्रथिनांचं गुणोत्तर काढता येतं. ते 38 किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवडाभरात प्री-एक्लॅम्पसिया होण्याची शक्यता फार कमी, असं 2016च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. जास्त आलं म्हणजे आजार पक्का, असं मात्र नव्हे, लक्ष वाढवायचं.

अकराव्या ते तेराव्या आठवड्यातल्या ‘डबल मार्कर’मध्ये पॅप-ए हे वारेचं प्रथिन मोजतात. ते फार कमी असलं तरी धोका थोडा वाढतो. पूर्वी हा त्रास झालेला असेल, जुळं असेल किंवा मधुमेह असेल, तर सोळाव्या आठवड्याआधी कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

या चाचण्या बहुतेकदा मोठ्या प्रयोगशाळेत होतात. बीपी आणि लघवीची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ तपासणीही मिळते. बीपी 160/110 झालं, डोकं असह्य दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली कळा आल्या, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता 108ला फोन करून रुग्णालय गाठावं.